कोटेशनमधून 'फिटिंग फ्री' काढून टाका



रॅकमध्ये स्विच आणि यूपीएस कसा चढवायचा, हा व्हिडिओ टाकल्यापासून मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातोय. तो केज नटचा नाही आणि अर्थिंगचाही नाही. प्रश्न असा, "दादा, तुम्ही दाखवलं ते सगळं बरोबर आहे, पण एवढं करायचे पैसे देतं कोण?"

कोणीच देत नाही. कारण आपण मागतच नाही.

तुमचं शेवटचं कोटेशन काढून बघा. कॅमेरे १६, एनव्हीआर १, पीओई स्विच १, हार्ड डिस्क २, केबल इतके मीटर, ९यू रॅक १, यूपीएस १. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात, आपणच मोठेपणानं लिहिलेली ओळ: 'फिटिंग फ्री'. आता गिऱ्हाईकाच्या जागी बसून विचार करा. जे फुकट आहे ते अर्ध्या तासाचं, दोन स्क्रूचं काम असणार असंच त्याला वाटणार. मग तो आपल्याला घाई करणार, आपण पोरांना घाई करणार, आणि एकटा पोरगा स्टुलावर उभा राहून छातीला २८ किलोचा यूपीएस लावून दुसऱ्या हातानं स्क्रू शोधत असणार. हे दृश्य मी आमच्या सांगली-कुपवाड भागात इतक्यांदा बघितलंय की आता त्याचं कोणाला काही वाटेनासं झालंय.

माझं मत सरळ आहे. जड मशीन रॅकमध्ये चढवणं आणि त्याला वीज देणं हे विक्रीच्या मागून येणारं किरकोळ काम नाही. ते स्वतंत्र काम आहे, त्याचे स्वतंत्र पैसे घ्यायचे, आणि ते नीट होणार नसेल तर ऑर्डर सोडायची. बीबीएला मार्जिन शिकवतात, कॉस्टिंग शिकवतात. पण या धंद्यातली खरी कॉस्ट पोराच्या कमरेत आणि बोटांत असते, ती कुठल्याच एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

आधी वजनाचं बोलू. नेटवर्किंगवाल्याला वजनाची सवय नसते. राउटर म्हणजे हातातली वस्तू, साधा स्विच म्हणजे दोन-तीन किलो. पण २४ पोर्टचा पीओई स्विच पाच किलोच्या आसपास जातो, आणि आत बॅटऱ्या असलेला ३ केव्हीएचा रॅक यूपीएस २५ ते ३० किलोचा. बाहेरच्या बॅटऱ्या असतील तर १२ व्होल्ट ४२ एएचची एक बॅटरीच १३ किलोच्या पुढे. ६ केव्हीएच्या बऱ्याच यूपीएसना अशा १६ लागतात, म्हणजे २०० किलोच्या वर नुसत्या बॅटऱ्या. आणि ही संस्था बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्यावर असते, लिफ्ट नसते, आणि जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट असतं! तुम्ही कोटेशन देताना जिना बघून आला होता का? मी जातोच. जिना, दरवाजाची रुंदी आणि रॅक जिथं बसणार ती भिंत किंवा जमीन, हे तीन बघितल्याशिवाय आमच्या दुकानातून रेट जात नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर चित्र छापलेलं असतं बघा, दोन माणसं मिळून खोकं उचलताहेत. आयबीएमच्या मशीनवर १८ किलोच्या पुढं दोन माणसं, ३२ किलोच्या पुढं तीन, असं चिन्ह असतं. आपल्याकडं ते चित्र असलेलं खोकं एकटाच खांद्यावर घेऊन वर जातो आणि खाली उभे असलेले 'वाघ हाय पोरगा' म्हणतात. त्या पोरानं 'एकट्याला जमणार नाही' म्हणायचं तरी कसं? तो एकोणीस वर्षांचा, कामाला लागून दोन महिने झालेले. नाही म्हणायची जबाबदारी त्याची नाहीच. ती आपली आहे, आणि ती कोटेशन लिहितानाच पार पाडायची असते. दोन माणसांचे पैसे लावलेले असतील तर दोन माणसं जातील, नाहीतर नाही.

वजन कमी करायची एक साधी पद्धत आहे, जी घाईत कोणी वापरत नाही. यूपीएसचा बॅटरी ट्रे बाहेर निघत असेल तर आधी काढा, रिकामी बॉडी रॅकमध्ये बसवा, मग बॅटऱ्या आत सरकवा. मोठ्या स्विचचे पॉवर सप्लाय निघतात, तेही आधी बाजूला काढून ठेवा. आणि कुठलंही मशीन उचलताना पॉवर सप्लायच्या किंवा फॅन ट्रेच्या हँडलला धरून उचलू नका. ते हँडल तो छोटा भाग ओढून काढण्यासाठी असतं, अख्ख्या मशीनचं वजन पेलण्यासाठी नाही.

आता भिंत. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथंच सगळ्यात जास्त फसगत होते.

वॉल माउंट रॅकचं वजन भिंतीवरून नुसतं खाली येत नाही. रॅक भिंतीपासून पुढं आलेला असतो, त्यामुळं तो वरच्या बोल्टना भिंतीतून बाहेर ओढतो. समजा रॅक आणि आतलं सामान मिळून ४० किलो आहे, त्या वजनाचा मध्य भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि वरच्या व खालच्या बोल्टमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आहे. ४० गुणिले ३० भागिले ४०, म्हणजे वरच्या दोन बोल्टवर मिळून ३० किलोची बाहेरची ओढ. ती चोवीस तास, वर्षानुवर्षं. त्यात कोणी रॅकचं दार उघडून त्यावर हात टेकून उभा राहिला की ओढ आणखी वाढली.

चांगल्या विटांच्या भिंतीत, विटेच्या मध्यभागी मारलेला फास्टनर हे सहन करतो. तोच दोन विटांमधल्या सांध्यात गेला तर भरवसा नाही. पण आता नव्या बिल्डिंगमध्ये वीट कुठं राहिलीय? सगळीकडं सिपोरेक्सचे पांढरे ब्लॉक. ड्रिल लावलं की लोण्यासारखं आत जातं, पोरं खूश, पाच मिनिटांत चार भोकं. आणि नेमकं तेच धोक्याचं लक्षण. त्या ठिसूळ ब्लॉकमध्ये साधा लोखंडी फास्टनर आवळला की फुगून आजूबाजूचा ब्लॉकच चुरतो. आज घट्ट वाटतो, सहा महिन्यांनी हलायला लागतो. सिपोरेक्समध्ये त्याच्यासाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर वापरा. जास्त वजन असेल तर सरळ आरपार भोक पाडून भिंतीच्या मागं लोखंडी पट्टी लावून नटबोल्ट करा. दिसायला वाईट दिसतं, मालक कुरकुर करतो, पण रॅक जागेवर राहतो. जिप्समच्या किंवा प्लायच्या पार्टिशनवर यूपीएस असलेला रॅक लावायचाच नाही. इथं चर्चा नको. यूपीएस खाली जमिनीवर स्टँडवर ठेवा, वर फक्त स्विच आणि एनव्हीआर.

खरं सांगायचं तर मी वॉल माउंट रॅकमध्ये यूपीएस ठेवण्याच्याच विरोधात आहे, भिंत कितीही चांगली असली तरी. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बॅटऱ्या कशाला टांगायच्या?

उभ्या फ्लोअर रॅकचं गणित वेगळं. तिथं जड सामान सगळ्यात खाली आणि भरायला सुरुवातही खालून. रिकाम्या रॅकच्या वरच्या भागात आधी मशीन लावलं तर तो पुढं झुकतो. खालचे पाय लेव्हलला टेकवून, शक्य असेल तिथं जमिनीला बोल्ट मारून किंवा पुढचा स्टॅबिलायझर लावून मगच सामान चढवायला घ्या. चाकांवर उभा असलेला रॅक कधीच भरू नका. आणि सरकत्या रेल्सवर दोन मशीन एकाच वेळी बाहेर ओढू नका, एक आत गेलं की दुसरं.

पुढच्या बाजूचे दोन 'कान' म्हणजे ब्रॅकेट, त्याबद्दल एक गैरसमज फार पक्का बसलाय. चार स्क्रू कानांना मारले म्हणजे मशीन बसलं असं वाटतं. हलक्या स्विचला चालतं. पण २०-३० किलोचं खोल मशीन असेल तर कान फक्त ते पुढं येऊ नये म्हणून धरतात, वजन खालच्या रेल्सनी किंवा शेल्फनी पेलायचं असतं. नुसत्या कानांवर टांगलेल्या यूपीएसची मागची बाजू हळूहळू खाली बसते, पत्रा वाकतो, आणि खालच्या स्विचवर त्याचं बूड टेकतं. कंपनी रेल्स वेगळे विकते म्हणून आपण कोटेशनमधून गाळतो, आणि मग पोरगा प्लायचा तुकडा खाली सारतो. ते रेल्स घ्या. गिऱ्हाईकाला सांगून घ्या.

केज नटबद्दल एवढंच: एका यूमध्ये तीन भोकं असतात आणि ती समान अंतरावर नसतात. जी दोन भोकं सगळ्यात जवळजवळ दिसतात, त्यांच्या मधोमध एका यूची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. हे एकदा डोळ्यांत बसलं की डाव्या-उजव्या बाजूला एका भोकाचा फरक पडत नाही. आणि केज नट बसवायला त्याचं हत्यार वापरा. स्क्रू ड्रायव्हर निसटून तळहातात घुसलेले लोक मी बघितलेत. हत्याराची किंमत टाक्यांपेक्षा कमी आहे.

आता वीज.

बरेच जण मला लोडचा हिशोब विचारतात. करून टाकू. २४ पोर्टच्या पीओई स्विचचं बजेट समजा ३७० वॅट, स्विच स्वतः पन्नासेक वॅट खातो, एनव्हीआर डिस्कसकट चाळीस-पन्नास, वर राउटर आणि फायबरचा डबा. सगळं मिळून ५०० वॅटच्या आत, म्हणजे २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअरच्याही आत. आपला साधा ६ अँपिअरचा सॉकेट कागदावर १३८० वॅट देतो. मग रॅकमागचे प्लग का जळतात? कारण प्रश्न बहुतेक वेळा लोडचा नसतोच. ढिल्या सॉकेटचा असतो, एका एक्स्टेंशनमध्ये खोचलेल्या दुसऱ्या एक्स्टेंशनचा असतो, आणि त्याच बोर्डावर कोणीतरी लावलेल्या चहाच्या किटलीचा असतो. ढिला संपर्क गरम होतो, गरम झाला की प्लास्टिक मऊ पडतं, पत्ती आणखी सैल होते, आणखी गरम होते. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

म्हणून रॅकसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन, तिला वेगळी एमसीबी, आणि रॅकच्या आत स्क्रूनं घट्ट बसलेली पॉवर पट्टी. जमिनीवर लोळणारा स्पाइक गार्ड नको, तो झाडू मारताना हलतो. ३ केव्हीएचा यूपीएस असेल तर १६ अँपिअरचाच सॉकेट. त्याचा जाड प्लग कापून ६ अँपिअरचा बसवणं किंवा मध्ये ते कन्व्हर्टर खोचणं हा प्रकार इतका सर्रास चालतो की आता दुकानात गिऱ्हाईक स्वतःच मागतं. आम्ही देत नाही.

ज्या मशीनला दोन पॉवर सप्लाय आहेत त्याच्या दोन्ही वायरी एकाच पट्टीत खोचलेल्या बघून मला हसावं की रडावं कळत नाही. दोन सप्लायचे जादा पैसे गिऱ्हाईकानं दिले, आणि आपण त्याला एकाच पट्टीचं वरदान दिलं. एक वायर यूपीएसवर, दुसरी शक्य असेल तर दुसऱ्या यूपीएसवर किंवा वेगळ्या लाइनवर. आणि एका बाजूनं अख्खा भार पेलता यावा एवढी जागा दोन्हीकडं ठेवा. काम करताना मात्र उलटं लक्षात ठेवायचं: एक वायर काढली म्हणजे मशीन मेलं नाही. दोन्ही काढल्याशिवाय हात घालायचा नाही.

आता अर्थिंग. माझा खरा राग इथं आहे.

एका संस्थेनं आम्हाला बोलावलं होतं. काम दुसऱ्या कोणीतरी केलेलं. तक्रार अशी की रॅकला हात लावला की झिणझिण्या येतात. लावणाऱ्यानं सांगितलं होतं, "कॉम्प्युटरला एवढा करंट असतोच, काळजी करू नका." सफाईवाल्या मावशी रोज ओल्या फडक्यानं तो रॅक पुसायच्या. पट्टीवर मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२, फेज आणि अर्थमध्ये ११८, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११४. ज्याला समजतं त्याला हे तीन आकडे पुरेसे आहेत. भिंतीतला सॉकेट उघडला, तर तिसऱ्या मोठ्या भोकाच्या मागं वायरच नव्हती.

हे आकडे असे का येतात ते समजून घ्या, कारण गिऱ्हाईकाला समजावताना उपयोगी पडेल. प्रत्येक चांगल्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेला असतो. अर्थ जोडलेली असेल तर त्यातून जाणारा जरासा करंट जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. एका मशीनचा करंट अगदी कमी, पण रॅकमध्ये आठ मशीन एकाच पत्र्याला जोडलेली असतात आणि सगळ्यांचा मिळून झटका बसतो. स्टुलावर उभ्या माणसाला तेवढा झटका खाली पाडायला पुरतो. आणि हे सगळं ठीक चालू असतानाचं. ज्या दिवशी एखाद्या मशीनचं इन्सुलेशन खरंच गेलं, त्या दिवशी अख्ख्या रॅकच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येणार आणि एमसीबी पडणार नाही, कारण करंटला जमिनीत जायला वाटच नाही. ती वाट मग रॅकला हात लावणारा माणूस होतो.

यावर आपल्याकडचा जुगाड तर त्याहून भयंकर. अर्थची वायर सापडत नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडून टाकतात. झिणझिण्या लगेच थांबतात, मीटरवर न्यूट्रल-अर्थ शून्य दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण मागं कुठं तो न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला, की त्याच तुकड्यातून पूर्ण फेज रॅकच्या बॉडीवर येतो. कुठलीही खराबी नसलेल्या मशीनवर! असा तुकडा दिसला तर काम थांबवा. मी व्हिडिओत सहसा हात जोडत नाही, पण इथं जोडतो.

बाकी मोजणीत एवढंच बघा: न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आकडा नेमका शून्य दिसला तर खूश होण्याआधी सॉकेट उघडून तो तुकडा नाही ना हे तपासा. रॅकच्या फ्रेमला, दारांना आणि बाजूच्या पत्र्यांना हिरव्या-पिवळ्या वायरीनं जोडा. रंगामुळं पत्रे एकमेकांना टेकले तरी वीज जाईलच असं नाही. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून टाकू नका. एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर खूप मशीन असतील तर फिल्टरचा तो करंट साठून ती पडू शकते, अशा वेळी लाइन वाटून घ्या.

हे काम आपलं आहे का? मीटरनं मोजणं आपलं. लाइन ओढणं, मेन बोर्डात हात घालणं, अर्थिंगचा खड्डा करणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं आणि त्याच्या परवानाधारक वायरमनचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. अर्थिंग कसं करायचं यासाठी आयएस ३०४३ आहे. नेटवर्किंग येणाऱ्या पोरानं बोर्ड उघडायचा नाही. गावातला एक चांगला ठेकेदार गाठा, त्याच्याशी रेट ठरवा, त्याचं बिल वेगळं जाऊ द्या. त्यातून कमिशन मिळवायच्या मागंही लागू नका, त्यापेक्षा तो फोन केल्यावर येतो हे जास्त किमतीचं आहे.

यूपीएसच्या बाबतीत एक गोष्ट पोरांच्या डोक्यात ठोकून बसवा. मेन स्विच पाडला की सगळं बंद, हे रॅकमध्ये खोटं आहे. यूपीएसचं आउटपुट जिवंतच राहतं, त्यासाठीच तर तो घेतलाय. आधी मशीन बंद, मग यूपीएस बंद, मग त्याचं इनपुट, मग बॅटरीचा ब्रेकर, आणि शेवटी मीटरनं खात्री. आठ बॅटऱ्या एका ओळीत म्हणजे ९६ व्होल्ट डीसी, आणि ती कुठल्याही स्विचनं बंद होत नाही. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवायची, पान्ह्याच्या मधल्या भागाला इन्सुलेशन टेप गुंडाळायची. आमच्याकडची पोरं कडं काढायला नाराज असतात. मी म्हणतो, दुकानात घाल, बॅटरीवर नको.

आता परत पैशावर येतो. एका मध्यम कामाचा हिशोब मांडू, आकडे तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा दोन माणसांची एक दिवसाची मजुरी १६०० रुपये, अँकर आणि पट्ट्या ६००, रॅकमधली पॉवर पट्टी १५००, अर्थच्या वायरी आणि लग्ज ३००. झाले ४०००. फिटिंग फ्री लिहिलं की हे ४००० सामानाच्या मार्जिनमधून जाणार, आणि सामानाचं मार्जिन ऑनलाइन रेटनं आधीच खाल्लंय. मग आपण काय करतो? दुसरा माणूस कमी करतो, पट्टीऐवजी स्पाइक गार्ड देतो, अँकरऐवजी साध्या गिट्ट्या मारतो. फ्री फिटिंगचे पैसे शेवटी सुरक्षेतूनच वळते होतात. हे गिऱ्हाईकाला दिसत नाही, पण आपल्याला माहीत असतं.

"दादा, शेजारचा फ्री देतो, गिऱ्हाईक तिकडं जाईल." जाईल. काही जण नक्की जातील, आणि त्यातले काही परत येणारही नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण मी पतसंस्थेच्या, हॉस्पिटलच्या, एमआयडीसीतल्या कामांवर दुकान चालवतो, आणि तिथं निर्णय घेणारा माणूस उत्तर देण्याला बांधील असतो. मॅनेजरला समजावून सांगितलं की कागदावर ओळ वेगळी दिसते ती का, तर तो बहुतेक वेळा ऐकतो. ऐकत नसेल तर मी एक वाक्य बोलतो: "साहेब, ही ओळ काढायची असेल तर काढू, पण मग रॅक तुमच्या माणसाकडून लावून घ्या, मी फक्त माल देतो." त्यावर काय ते ठरतं.

मात्र घाबरवून विकू नका. किराणा दुकानात चार कॅमेरे आणि ४यूचा छोटा डबा लावायला यातलं निम्मंही लागत नाही. तिथं दोन माणसांचा दिवस लावलात तर ती लूट झाली. वजन कमी, यूपीएस छोटा आणि खाली, सॉकेट घट्ट, अर्थ मोजलेली. संपलं काम.

पोरांसाठी आणखी एक. कामावर माणूस जखमी झाला तर भरपाई मालकावर येते, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. दुकान छोटं आहे म्हणून सुटका नाही. मोठा विमा जमेल तेव्हा काढा, पण प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी आजच करा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, पोरगा १८ पूर्ण असला आणि बँकेत खातं असलं की झालं. ते २० रुपये त्याच्या पगारातून कापू नका, प्लीज.

कोटेशनमध्ये 'फिटिंग फ्री'च्या जागी मी तीन ओळी लिहितो. पहिली, रॅक बसवणे व उपकरणे चढवणे, दोन माणसे, अँकर व रेल्ससह. दुसरी, रॅकमधील वीजजोडणी व अर्थ जोड. तिसरी, स्वतंत्र लाइन व अर्थिंग, परवानाधारक ठेकेदारामार्फत, बिल वेगळे. काम झालं की रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावतो. त्यावर तारीख, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ हे तीन आकडे आणि मोजणाऱ्याची सही. वर्षानं एएमसीला गेलो की त्याच सॉकेटवर परत मोजायचं आणि खाली दुसरी ओळ लिहायची. न्यूट्रल-अर्थ २ वरून १५ वर गेला असेल तर त्याच दिवशी ठेकेदाराला फोन.

स्टिकरचा आणि या तीन ओळींचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो, पेन घेऊन बसा.